धोंडीची जागा

१८ नोव्हेंबर २००२

पोचले एकदाची! पोलादपूर सोडल्यावर आंबेनळीच्या रस्त्यात एसटीनं उतरवलं. वाडीतला महादू न्यायला आला होता. माझी ट्रंक डोक्यावर घेऊन माझ्याआधी वर पोचला. शाळा एकशिक्षकी, तिला लागूनच माझी खोली. शिक्षिका मी, मुख्याध्यापिका मी, झाडूवालीही मीच. भांडायलासुद्धा कोणी नाही.

दुपारी पहिला वर्ग घेतला. पोरं गुणी आहेत. फक्त चौथीतल्या सुगंधाची जागा रिकामी होती. पावसाळ्यापासून ती आजारी आहे. ताप नाही, खोकला नाही, नुसती थकते. महाडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही.

२२ नोव्हेंबर

सुगंधाला भेटून आले. भिंतीला टेकून बसली होती; आई, प्रयागबाई, पेज भरवत होती. पोरीला वार्षिक परीक्षा द्यायची आहे, पास होऊन पोलादपूरच्या मोठ्या शाळेत जायचं आहे. मला तिचा फार लळा लागला.

प्रयागबाई तिला धोंडी म्हणते. इथे दुखणं लांबलं की माणसाचं खरं नाव घेत नाहीत. दुखण्याला नाव कळलं की ते हाका मारतं म्हणे. धोंड्याला कोण बोलावणार?

“हजेरीत पन तिचं नाव नका घेव, बाई. कोन ऐकल, सांगता नाय येत.”

हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

२५ नोव्हेंबर

हजेरीत सुगंधाचं नाव मोठ्यानं घेतलं. शाळा आपल्याला विसरली असं पोरीला वाटू नये. घर शाळेच्या खालीच आहे, ऐकू गेलं असणार. पोरं मात्र माना खाली घालून बसली. रोज घेणार आहे. भीती अशीच मोडते.

५ डिसेंबर

सुगंधाला आता बसवतही नाही. म्हणाली, तुमची हजेरी झाली की दुसऱ्या बाई बोलावतात, दिवसभर. ती ओ देते आणि दमते.

दुसऱ्या बाई कुठल्या? इथे मी एकटीच आहे.

खोलीवर येऊन रडले. उद्यापासून नाव घ्यायचं नाही.

९ डिसेंबर

बंद केलं तरी ती खचतेच आहे. आज शाळा सुटल्यावर मीही ऐकलं. रिकाम्या वर्गातून — “सुगंधा”. माझ्याच आवाजात. खालून बारीकशी ओ आली.

१० डिसेंबर

वर्गाच्या दारात उभी राहिले. म्हटलं, तिला सोड. माझं नाव घे. राजश्री.

इथे आल्यापासून ते कोणी घेतलंच नाही. सगळ्यांची मी नुसती बाई. नावानं हाक मारणारी एक आई होती, ती गेली.

१६ डिसेंबर

सुगंधा शाळेत आली! आपल्या पायांनी. सगळे पाढे म्हणाली. मी खुर्चीतूनच ऐकले — उठवेना —

गुरुवार

अंगात त्राण नाही. पोरं घरी. प्रयागबाईनं पेज भरवली. जाताना म्हणाली, पडून ऱ्हा गो, धोंडी.

शुक्रवार असेल

पलीकडे हजेरी चाललीय. सुगंधाचं नाव नाही त्यात — बरं झालं. एकच नाव. राजू.

राजू तर मी कोणाला सांगितलं नव्हतं. आईच म्हणायची. आवाजही तिचाच —

ओ द्यायची नाही. कळतं मला. पण इतक्या मायेनं कोणी —