रविवारपर्यंत एक तरी आत्मा

सोमवार, ४ मार्च. सकाळी ५.३०
उठलो. (प्रत्यक्षात पावणेसात. पण गजर साडेपाचला झाला, म्हणजे निश्चय साडेपाचचाच धरावा.)

भाषेचे शिबिर संपले. आजपासून परदेशातील खरी सेवा सुरू. संकल्प: पहाटे उठणे, प्रार्थना, जोर, थंड पाण्याने आंघोळ, राग गिळणे, जोडीदाराला क्षमा करणे.

जोडीदार म्हणजे मिशनचा नियम आहे. दोघांनी मिळूनच फिरायचे, एकमेकांच्या नजरेआड व्हायचे नाही. त्यामुळे मोहापासून रक्षण होते. माझ्या वाट्याला आलेला बंधू गोल, मऊ आणि कुठेही टेकणारा आहे. मनातल्या मनात मी त्याला तक्क्या म्हणतो. क्षमा केली आहे.

दुपारी
पाळकसाहेबांनी बैठकीत कामे वाटली. आम्हाला पुलापलीकडच्या एका आजीबाईंच्या घराला रंग द्यायचा आहे. त्यांच्याबद्दल साहेबांनी बरेच काही सांगितले, पण तेव्हा मी वहीत 'सोमवार'खाली दुहेरी रेघ मारत होतो आणि पट्टी सरकत होती. मान वर केली तर साहेब माझ्याकडेच बघत होते. म्हणाले, "शिबिरातच तुझी गाडी रुतली होती. रविवारच्या उपासनेला एक तरी नवा माणूस घेऊन ये. नाही जमलं तर परतीचं तिकीट काढतो. राग मानू नकोस."

राग मानला नाही. नुसता घाम आला.

परत जाणे शक्य नाही. अकरावी मी सोडली, टायपिंग मी सोडले, मामांच्या मोबाइलच्या दुकानाने मला सोडले. निघताना बाबा एवढेच म्हणाले, "हे तरी पुरं कर." निरोपाच्या भाषणात थोरल्या काकांनी मला घराण्याचा दिवा म्हटले. आईने शोकेसमधल्या कपबश्या काढून तिथे माझा फोटो ठेवला आहे. आठवड्यात परतलो तर कपबश्या पुन्हा वर येतील.

शाळा सुटली तरी ऱ्हस्व-दीर्घ मी कधी सोडले नाहीत, हे इथे नमूद करतो.

मंगळवार, ५ मार्च
साडेपाचला उठलो नाही, कारण तक्क्या घोरत होता.

आजीबाईंचे घर दोन खोल्यांचे. जिना अरुंद. समोरच्या खोलीत खूप खुर्च्या आहेत. एकट्या बाईला एवढ्या खुर्च्या कशाला, कळले नाही. बहुधा पूर्वी क्लास चालवत असाव्यात. भिंतीवर यजमानांचा फोटो: काळा कोट, गळ्याशी पांढरी पट्टी, हातात जाडजूड पुस्तक. वकील असणार. फोटो उतरवून मी पलंगाखाली ठेवला.

रंग देता देता माझ्या मनात वीज चमकली. माणूस शोधत वणवण कशाला? माणूस इथेच आहे! एकटी, म्हातारी, आणि आपण रंग देत असल्यामुळे घर सोडून जाऊ न शकणारी.

तक्क्या म्हणाला, "अरे, आपल्याला नुसता रंग द्यायला सांगितलंय." आळशी माणसाला नियम बरोबर आठवतात. तो आजीबाईंबरोबर वाटाणे सोलत बसला. रंग मी दिला. जुने पोपडे आधी खरवडायचे असतात हे डब्यावर लिहिलेले होते, पण डब्याच्या खालच्या बाजूला. आजीबाई म्हणाल्या, "राहू दे रे बाळा. ढग आल्यासारखं दिसतंय."

बुधवार, ६ मार्च
अद्भुत दिवस. शांतपणे लिहितो.

सात धड्यांचा चित्रतक्ता नेला होता. शिबिरात पक्के शिकवले आहे की, धडे क्रमानेच द्यायचे आणि ऐकणारा "समजलं" म्हणेपर्यंत पान उलटायचे नाही. मी पहिले पान उघडले, घसा खाकरला, तोच आजीबाई म्हणाल्या, "समजलं." अजून मी काही बोललोच नव्हतो!

दुसऱ्या धड्यात मी वचनाची सुरुवात केली आणि घाबरल्यामुळे मधेच अडकलो. उरलेले वचन त्यांनी म्हटले. तोंडपाठ. मी अध्याय तिसरा म्हणालो, त्या हळूच म्हणाल्या, "चौथा." नंतर पाहिले तर चौथाच. मग मी पान उलटणार, एवढ्यात म्हणाल्या, "आता दरी येईल. पलीकडे झाड. झाड जरा वाकडं आलंय."

उलटले. दरी होती. झाड वाकडे होते.

माझ्या अंगावर काटा आला. असे दर्शन लोकांना वर्षानुवर्षे उपवास करून होत नाही. यात माझ्या शिकवण्याचा वाटा किती, हे सांगणे नम्रतेत बसत नाही. बराच असावा.

त्या एकदा म्हणाल्या, "अरे, पण आमचे हे तर..." मी हात वर करून थांबवले. कुटुंबाकडून येणाऱ्या अडचणींचे निवारण चौथ्या धड्यानंतर आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरं बाबा. तू म्हणशील तसं."

तक्क्या सगळा वेळ खोकत होता. थंडी बाधली असावी.

गुरुवार, ७ मार्च
व्यायाम: एक जोर. दुसरा अर्धवट राहिला.

मिशनच्या कोपऱ्यावर एक सलून आहे. तक्क्याला तिथे बसायला आवडते. दाढी पाच मिनिटांची, बैठक तासाची. नियमामुळे मला बाहेर उभे राहून काचेतून त्याच्यावर नजर ठेवावी लागते. येणारे-जाणारे मला रांगेत समजतात.

आज सलूनवाला कात्री हातात घेऊनच बाहेर आला. आडदांड माणूस, पण खाली बघत होता. म्हणाला, "तुम्ही देवाची माणसं ना? माझा भाऊ गेला. दहा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. आता माफी मागितली तर तिकडे पोचते का?"

प्रश्न चांगला होता, पण पाचव्या धड्यातला. मी त्याला समजावले की, आधी पहिले चार धडे घ्यावे लागतील, आणि सध्या माझा वेळ एका फार प्रगत विद्यार्थिनीला दिलेला आहे. पुढच्या आठवड्यात बघू. तो म्हणाला, "बरं." आत जाऊन खुर्ची झटकू लागला. खुर्चीवर कोणी नव्हते. तक्क्या म्हणाला, "मी जरा बसतो याच्यापाशी." म्हणून मी आणखी तासभर काचेबाहेर. पाय दुखले. क्षमा केली, पण आज जड गेली.

धाकट्या बहिणीचा मेसेज: "किती पापी वाचवले रे दादूस? बाबा रोज विचारतात. म्हणजे बोलत नाहीत, पण माझा फोन वाजला की टीव्ही बारीक करतात."

उत्तर दिले नाही. निकाल लागल्यावर देईन.

शुक्रवार, ८ मार्च
सहावा धडा झाला. सातवाही झाला असता, पण मी शिडीवरून बोलत असल्यामुळे रंगाचा डबा गालिच्यावर गेला. आजीबाई शब्दानेही रागावल्या नाहीत. हे परिवर्तन नाही तर काय?

मी सरळच विचारले की, रविवारी उपासनेला याल का. म्हणाल्या, "रविवारी? येईन की." मी विचारले, भीती वाटते का? म्हणाल्या, "कसली?" मी म्हणालो, नव्या ठिकाणी नवख्या माणसाला वाटते. माझा हात धरून बसा. त्यांनी माझे मनगट चाचपून पाहिले. मग विचारले, "तू नीट जेवतोस ना रे?" हा प्रश्न कोणत्याच धड्यात नाही. मी हो म्हणालो आणि उगाचच डोळे भरून आले. रंगाचा वास फार उग्र आहे.

शनिवार, ९ मार्च
थंड पाण्याने आंघोळ करायची होती. नळाला गरम आले. देवाची इच्छा.

घरी फोन केला. काकांना म्हणालो, एक आत्मा जवळजवळ झाला. त्यांना 'जवळजवळ' ऐकू आले नसावे, कारण ते मागे वळून ओरडले, "झाला रे झाला!" उद्या ते चर्चमध्ये मंडळीपुढे उभे राहून सांगणार आहेत. मग फोन बाबांकडे गेला. बाबा म्हणाले, "बरं." पण असा "बरं" मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकलेला नाही.

तक्क्या दुपारी पलंगाच्या कडेला येऊन बसला. म्हणाला, "मला तुला त्या आजींबद्दल काहीतरी सांगायचंय. वाईट वाटून घेऊ नकोस." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो की, दुसऱ्याचे यश बघून पोटात दुखणे स्वाभाविक आहे, मी समजू शकतो. तो म्हणाला, "अरे पण..." मी म्हणालो, प्रार्थना कर. आणि भाषणाची तयारी करायला घेतली.

भाषणाची सुरुवात: "बंधूंनो आणि भगिनींनो, मी निमित्तमात्र." हे तीन प्रकारे म्हणून पाहिले. नम्र प्रकार आरशात चांगला दिसतो.

रविवार, १० मार्च. सकाळी
साडेपाचला उठलो! खरोखरच. झोपच लागली नव्हती.

रविवार. संध्याकाळी
लिहायचे नव्हते. पण रोज लिहिण्याचा संकल्प आहे, आणि बाकीचे सगळे मोडले आहेत.

आजीबाईंना मी हात धरून आणले. आम्ही दारातून आत शिरताच सगळी मंडळी उभी राहिली. मला वाटले, बातमी पसरलेली दिसते. मी मान लववली. पुढच्या बाकांवरचे लोक सरकून जागा देऊ लागले, पण मी आजीबाईंना नवख्यांच्या बाकावर नेऊन बसवले. त्या निमूट बसल्या. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला सलूनवाला होता, ओले केस विंचरलेला. त्याच्याशेजारी तक्क्या.

पाळकसाहेबांनी विचारले, आज नवे कोणी? तक्क्या काही बोलायच्या आत मी उठलो. मी निमित्तमात्र म्हणालो. अंधारात चाचपडणारी एक एकाकी म्हातारी म्हणालो. वकिलाची विधवा म्हणालो. प्रकाश म्हणालो. सहा धडे म्हणालो, सातवा लवकरच.

पहिल्यांदा बाजाच्या पेटीवरची मुलगी फिसकली. मग मागचा एक बाक. मग सगळे. पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी कपाळ धरले होते.

हे चर्च मुळात त्या आजीबाईंच्या घरी, समोरच्या खोलीत सुरू झाले. त्या खुर्च्या तिथल्या. फोटोतले यजमान म्हणजे इथले पहिले पाळक. साहेबांना लहानपणी धडे दिले ते आजीबाईंनी. आणि चित्रतक्ता? तो आजीबाईंनी स्वतः काढला आहे. वाकडे झाडसुद्धा. साहेबांनी हे सगळे सोमवारी सांगितले होते म्हणे. तेव्हा मी रेघ मारत होतो.

मी बसलो. कसा बसलो ते आठवत नाही. आजीबाई मात्र उठल्या. म्हणाल्या, "हसू नका रे. किती वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं की, बाई, तुमचं देवाशी नीट चाललंय का? सगळे धरूनच चालतात. या पोरानं विचारलं, आणि तेही शिडीवरून. मला फार मजा आली. आणि थोडा विचारही करावा लागला." मला वाटले, वाचलो. मग त्या म्हणाल्या, "पण याला शिकवायला लावू नका. ऐकतच नाही कुणाचं."

मग साहेबांनी सलूनवाल्याला विचारले, तुम्हाला कोणी आणलं. तो तक्क्याकडे बोट करून म्हणाला, "यानं. बोलला काहीच नाही. मी रडत होतो तेव्हा बसून राहिला. तो दुसरा म्हणाला, पुढच्या आठवड्यात या."

त्याने माझ्याकडे बोट केले नाही. सज्जन माणूस आहे.

उपासनेनंतर साहेबांनी बोलावले. तिकिटाचा विषय आजीबाईंनी मध्ये पडून मिटवला, असे दिसते. पण शिकवणे बंद. उद्यापासून मी मिशनच्या स्वयंपाकघरात. किती दिवस, ते सांगितले नाही. घरी कळवताना 'स्वयंपाकघर' न म्हणता 'पोषण विभाग' म्हणावे, असा विचार केला. पत्त्याखाली चांगले दिसेल. मग बहिणीचा मेसेज आला: "काकांनी चर्चमध्ये सांगितलं. बाबा उभे राहिले होते रे." 'पोषण विभाग' खोडले.

साहेब म्हणाले, उद्याची वाट कशाला बघायची, संध्याकाळचे बटाटे आहेतच. सोलायला बसलो. नियमामुळे तक्क्यालाही बसावे लागले. त्याने मला एक शब्द ऐकवला नाही. मी वाट बघत होतो. निदान "सांगत होतो ना" एवढे तरी. साले काढत राहिला. त्याची साल एकसंध, लांब निघते. माझ्या सालीबरोबर निम्मा बटाटा जातो.

शेवटी त्याने विचारले, "बरं वाटतंय का?"

हो म्हणणार होतो. तोंडही उघडले होते. म्हणालो, नाही. घरच्यांना काय सांगू, कळत नाही. बाबा उभे राहिले.

त्याने पायाने पोते माझ्याकडे सरकवले आणि म्हणाला, "पोतंभर आहेत. सावकाश सांग."