भातसेच्या गाळातल्या सुरकुत्या

१२ फेब्रुवारी १९३८
भूकंप नव्हे! नव्हेच!
सापगावला भातसा नदीच्या काठी पुलाच्या खांबासाठी खड्डा खणलाय. गाळाचे थर उघडे पडले — मधला पट्टा चुरगळलेल्या लुगड्यासारखा. इंजिनीअरसाहेब म्हणाले, "जमीन हादरलीय इथं. खालचा खडकही तडकला असणार. पूल लांब खाली नेऊ."
मी म्हटलं, वरचे-खालचे थर सपाट आहेत, मधलाच चुरगळलाय, बघा तरी.
"तुम्ही शाळा सांभाळा, मास्तर."

१३ फेब्रुवारी
झोपेतून उठलो तोच आठवलं! पुण्याला कॉलेजात सरांनी हिमनदीच्या तोंडाशी साचलेल्या गाळाचं चित्र दाखवलं होतं. हुबेहूब ह्याच घड्या. चिखल ओला असतानाच वर वाळूचा भार पडतो, चिखल पिळवटून वर घुसतो. आपल्याकडे बर्फ कुठला — वाळू पुरानं आणली. पण ओल्या चिखलाचा स्वभाव तोच.
पूल इथंच हवा. गेल्या श्रावणात नदी उतरेना, म्हणून बाळंतपणात अडलेल्या गोदूवहिनीला शहापूरच्या दवाखान्यात नेता आलं नाही. काठावरच गेली. तिचा नवरा बारकूदादा तेव्हापासून नदीकडे बघत नाही.

१४ फेब्रुवारी
बायकोची, गिरजाची काचेची बरणी घेतली. तळाशी चिखल, वरून वाळू धपकन ओतली. घड्या पडल्या! ती कपाळावर हात मारून म्हणते, "नवरा शिकला नि माझी बरनी गेली!" पण वाकून वाकून बघत होती.

१६ फेब्रुवारी
साहेबांनी बरणी फिरवून फिरवून पाहिली. "छान. पण ह्यात खडक नाही, मास्तर."
बरोबर बोलले. म्हटलं, खणा अजून. खडकाला तडा निघाला तर पुन्हा तोंड उघडणार नाही.
बारकूदादा मागे उभा होता, मला ठाऊकच नव्हतं. कुदळ घेऊन खड्ड्यात उतरला.

१९ फेब्रुवारी
खडक लागला! काळा, अखंड. साहेबांनी पाणी मारून स्वतः हात फिरवला. "पूल इथंच," म्हणाले.
दादा खड्ड्यातच बसून रडला. मीही.

२ मार्च
आज रस्त्याच्या खुंट्या ठोकल्या. पुलाचा रस्ता आमच्या घराच्या जागेतूनच जातो, घर पाडावं लागणार. बा ओटीवर बसून बघत होता. म्हणाला, "जमीन वळकतोस ना तू? मंग दुसरं घर कुठं बांधू, ता पन सांग."