मॅडमच्या यंत्राला ऊद

खंडेनवमी, संध्याकाळ. जालना.

आज मॅडमच्या यंत्राची पूजा झाली. मॅडम हवेतली रसायनं तपासणाऱ्या शास्त्रज्ञ, मी त्यांचा तात्पुरता ड्रायव्हर. एमआयडीसीजवळ एक काकू राहतात, त्यांच्या गच्चीवर यंत्र आहे. ते हवा ओढतं, आतल्या पांढऱ्या गोल कागदाला सगळं चिकटतं. आज इथला शेवटचा नमुना. काकूंनी हळदकुंकू वाहिलं अन् उदाचं धुपाटणं थेट यंत्राच्या तोंडाशी धरलं!

"पूजा बराबर झाली ना, मॅडम?"

"अगदी छान," मॅडम म्हणाल्या. पेढाही खाल्ला.

जिन्यात मी म्हणलं, "कागदावर जरा धूर बसला तर बसला, चालू द्या की. कोणाला कळतंय?"

"मग इतकी वर्षं लोकांच्या गच्च्यांवर मी काय पापड वाळवले का रे?"

कागद बाद. त्यांनी उद्याचं तिकीट रद्द केलं. मी पण उद्या वाटूरला निघणार होतो, एका गावात मला करमतच न्हाई. हिंडतात तर त्याही. मंग फरक काय? तो कागद असंल, त्यांना तो खराच लागतो.

बाद झालेला कागद मी खिशात घातला. उदाचा वास येऊन राह्यला, चांगला आहे.

उद्या नवा कागद लावायचा. अन् उद्याच दसरा, काकूंना ऊद घेऊन गच्चीवर चढू न देणं, हे काम माझ्याकडं.