चाळीस नंबरची चिठ्ठी

३ तारीख, सोमवार
आजपासून नातीला कामात मदत करायची. ठरलं म्हणजे ठरलं. ती घरी बसून एका चष्मेवाल्या कंपनीचं नेटवर्क सांभाळते. अकरा दुकानं आहेत त्यांची. शनिवारी दुकानं जोडणाऱ्या नव्या पेटीत, स्विच म्हणतात तिला, रूट मॅप भरायचा, पहिल्यांदाच एकटीनं. नीट झालं तर नोकरी कायम. एकटीनं कशाला, मी आहे की.

४ तारीख, मंगळवार, दुपारी
रूट मॅप शिकले. पाऊण तासात! स्विचमध्ये नियमांची यादी असते. दहा, वीस, तीस. कुठल्या दुकानाचा रस्ता पुढे कळवायचा ते त्यात. वरून एकेक बघत यायचं, आधी लागू पडेल तो खरा. कुठलाच लागू नाही पडला तर रस्ता अडवायचा. यात काय एवढं? धाकट्या नणंदेच्या लग्नात दारावर मीच होते. मामेसासूबाईंना अडवलं होतं. अजून बोलत नाहीत. बरंच आहे.

६ तारीख, गुरुवार
नातीची खोली आवरली. नियमांच्या चिठ्ठ्या भिंतीवर एकाखाली एक चिकटवल्यात. त्यांचा क्रम हलवला नाही, तेवढं कळतं मला. पण शेवटची, चाळीस नंबरची, कोरीच म्हणायची. बाकीच्यांवर चार-चार ओळी, हिच्यावर एकच इंग्रजी शब्द. लिहायला घेतली आणि राहिली, दुसरं काय! काढून मागे स्वेटरचं माप लिहिलं आणि विणकामाच्या पिशवीत ठेवली. सूनबाई म्हणाली, "आई, तिच्या टेबलाला हात लावू नका हो." हात कुठे लावला? फडकं लावलं.

८ तारीख, शनिवार, साडेअकरा
दहा मिनिटांत काम फत्ते. पोरगी भिंतीकडे बघत टाइप करत होती. मी मागे गप्प बसून. फक्त दोनदा म्हटलं, नीट बघ.

पावणेबारा
फोन आला. तीन दुकानं चालू, आठ बंद. गिऱ्हाइकं ताटकळलेली. साहेबांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत. पोरीचा चेहरा पांढरा. मी धीर दिला, तीन तर चालू आहेत ना!

एक वाजता
तिनं चिठ्ठ्या मोजल्या. मग माझ्या विणकामाच्या पिशवीकडे वळली. वरच्या तीन चिठ्ठ्या म्हणे तीन दुकानांच्या खास नियमांच्या. चाळीस म्हणजे उरलेल्या सगळ्यांना जाऊ द्या. म्हणून तिच्यावर जास्त काही लिहायचंच नसतं. ती नाही, तर आठ दुकानं अडली. आधी सांगायला नको? पुन्हा टाइप केलं, सगळं सुरू. चिठ्ठी जपून ठेवली होती म्हणून सापडली, हे कोणी बोललं नाही. साहेबांनी विचारलं, चूक कोणाची? म्हणाली, "माझी, सर." मोठं मन. माझ्यावर गेलीय.

१० तारीख, सोमवार
कायम केलं नाही. आणखी सहा महिने बघू म्हणाले. लिहितानाही बरं वाटत नाही. साहेब खडूस, दुसरं काय.
आणि उद्यापासून ऑफिसात जाऊन काम करणार. दोन बस बदलून. तिनंच मागून घेतलं म्हणे. शेजारणीला सांगितलं, मोठी जागा मिळाली. विचारलं तिला, माझ्यामुळे का गं? "नाही गं आजी," म्हणाली.
लागोपाठ तीनदा म्हणाली.