आई आणि बारवेतली भुतं

पडेगाव, औरंगाबाद
रविवार, ३ एप्रिल २०१६

श्रीयुत भूषणराव यांस,
(‘राव’ रागानं लावलंय, कळलं असेलच.)

सप्रेम जय भीम. आम्ही बरे आहोत. तू कसा आहेस ते विचारत नाही, कारण तू सांगत नाहीस. फोन केला की कट. व्हॉट्सॲपवर निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. ‘मीटिंगमध्ये होतो ताई’ ऐकून ऐकून कान किटले माझे. म्हणून शेवटी कागद घेतला. तुझ्या गेमची चित्रं काढणारा तो हिमांशू उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला परत निघालाय, त्याच्या हाती देते. त्याला बजावलंय, पाकीट भूषणच्या हातात दे आणि त्याचं वाचून होईस्तोवर समोरून हलू नको.

इकडं ऊन लई आहे. नळाला पाणी कधी येईल ते नळालाच माहीत, सगळी गल्ली टँकरवर चाललीय. आपल्या मागच्या वावरात ती मोठी बिल्डिंग उभी राहिली ना, तिनं इतकी खोल बोअर मारली की आपल्या गल्लीतला हापसा नुसता हवा ओढतो. पण जयंतीची तयारी जोरात आहे. यंदा एकशे पंचविसावी, त्यामुळं पोरं कुणाचं ऐकत नाहीत. क्रांती चौकातनं लॅबला जाताना रोज एक नवीन कमान दिसती. कडूआत्या देवगाव रंगारीहून आलीय ती अजून इथंच आहे. म्हणती वहिनीच्या सोबतीला आले. खरं म्हणजे गावात प्यायला पाणी नाही म्हणून आलीय, पण आपण कशाला बोला. आई बरी आहे. जेवती.

आता मुद्द्याचं. हिमांशू परवा घरी आला होता. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग खाली बघत म्हणाला, “मेघाताई, भूषण अकरा तारखेपासून नोकरीला लागतोय. गेम बनवणं बंद.” त्याला म्हणे तू सांगितलंस, अण्णा गेले, आता घराचं मलाच बघायचंय.

अरे शहाण्या, मी काय घरात शोभेला ठेवलेय का? रोज सकाळी लॅबमध्ये लोकांचं रक्त ओढते ती काय हौस म्हणून? घर चाललंय. अण्णांच्या कंपनीतून फंडाचंही होतंय. माझ्या नावाची पावती फाडून तू स्वतःची सुटका करून घेऊ नकोस.

आणि दुसरं काय म्हणालास म्हणे? ‘असले जुन्या पद्धतीचे गेम आता खेळतंय कोण?’ हे तू म्हणावंस? तू?

छावणीच्या बाजारातलं ते सायबर कॅफे आठवतं का? आता तिथं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. दोघांत एकच खुर्ची मिळायची. अर्धी तुझी, अर्धी माझी. कीबोर्ड माझ्याकडं, माउस तुझ्याकडं. पाय माझे, हात तुझे. मी पळवायचे आणि तू झाडायचास. मी जरा थांबले की तू कोपर मारायचास, “ताई थांबू नको, थांबू नको ना!” बाकीची पोरं हसायची, की हे काय बहीण-भावाचं तीनपायी लंगडणं. हसू दे. त्या लाल किल्लीच्या दारापर्यंत आपल्याइतकं कुणी गेलं नव्हतं.

मला त्यात काय आवडायचं, सांगू? नवीन गेम मी लॅबमधल्या पोरांच्या मोबाईलवर बघते. भिंतीआड दबून बसा, अर्धा तास कुणाची तरी रडकथा ऐका, मग एक गोळी झाडा. आपल्या त्या जुन्या गेममध्ये असली भानगड नव्हती. दार उघडलं की भूत समोर. वाकडंतिकडं, किंचाळत अंगावर येणारं, पण समोर! लपायला जागा नाही, विचार करायला सवड नाही. पळायचं आणि झाडायचं. भीती वाटायची आणि तरी खदाखदा हसू यायचं. बाहेर आल्यावर हातपाय कसे हलके व्हायचे! वर्गात फळ्यावर बोलावलं की मी थरथर कापायचे रे, आणि तिथं अख्ख्या भुतांच्या फौजेत घुसायचे.

जानेवारीत दवाखान्यात मला तेच आठवत होतं. तू गाडीत होतास, पोचायचा होतास. मी आणि आई त्या काचेच्या दाराबाहेर बसलेलो. नुसतं बसायचं. कुणी येऊन काही सांगत नाही, कुणाला विचारायची हिंमत नाही. भीती आहे पण तिला तोंड नाही, कुठून येणार ते कळत नाही, आणि आपण पाय हलवायचे नाहीत. मला वाटत होतं, उघड ना ते दार, काय असेल ते येऊ दे एकदाचं समोर. मग डॉक्टर बाहेर आले.

असो.

भूषण, वर लिहिलंय ना आई बरी आहे, ते आजचं खरं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत फोनवर तुला जे सांगत होते, ते नव्हतं.

अण्णांचा जलदानविधी झाल्यावर तू गेलास आणि आई बसली ती बसलीच. खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. उठवलं तर उठायची, घास दिला तर गिळायची. बोलायची नाही. टँकरचा भोंगा वाजला तरी मान वळायची नाही. आणि तू तर तिला ओळखतोस, पाण्याच्या रांगेत हिच्यापुढं कुणी घुसून दाखवावं! आत्या म्हणायची, होईल हळूहळू. मी लॅबला जायचे आणि दिवसभर एकच विचार, की संध्याकाळी दार उघडल्यावर काय दिसेल. तुला सांगितलं नाही, कारण तू सगळं टाकून आला असतास. आणि खरं सांगू, मला रागही होता. तू गेलास याचा. पुण्यात तुझं कायतरी चाललंय आणि मी इथं त्या भिंतीसमोर. लई राग होता.

तू जुना लॅपटॉप इथं ठेवून गेलास. त्यात तुझ्या गेमचा पहिला भाग होता. एका संध्याकाळी डोकं फुटायची वेळ आली, म्हणून लावला. ती तुझी कोरडी बारव, पायऱ्या, खालून चढत येणारी ती थोटी मंडळी. मला माउस काय जमंना. हात माझे कधी नव्हतेच ना. मार खाऊन खाऊन मरायला टेकले, तेवढ्यात कोपऱ्यात पाण्याचं मटकं दिसलं. त्याच्यावर गेले.

आणि अण्णांचा आवाज आला. “आऽऽहा! जीव आला बघ!”

अरे, मला ठाऊकच नव्हतं! मागच्या उन्हाळ्यात अण्णा ड्युटीवरून येऊन पाणी पीत होते आणि तू मोबाईल घेऊन त्यांच्या तोंडापुढं नाचत होतास, ते यासाठी होय? तेव्हा तुला केवढे ओरडले होते, “बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात भुतं कशाला पाळतो रे?” आणि आवाज मात्र झोकात दिला!

मी लॅपटॉप बंद करणार होते. पण मागं बघितलं तर आई खाटेवर उठून बसलेली. तोंड भिंतीकडं नाही, माझ्याकडं. म्हणाली, “परत लाव.”

परत लावलं. रोज लावायला लागले. मग मी तिला शेजारी घेतलं आणि माउस तिच्या हातात दिला. पाय माझे, हात आईचे. पण तिला भुतांशी काय देणंघेणं नव्हतं. “मटक्याकडं चल,” एवढंच. एक मटकं झालं की दुसरं. आवाज ऐकायचा, डोळे मिटायचे. कुणी मागून ओरबाडलं तरी हिचं बोट हलायचं नाही. मरायचो, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा मटकं. मला वाटलं, मी चूक केली. आधी भिंत होती, आता हे झालं.

पण तुझी ती भुतं लई आगाऊ आहेत, मटक्यापर्यंत सुखानं जाऊ देत नाहीत. म्हणून वैतागून तिनं एकाला मारलं. त्याच्या चिंध्या झालेल्या बघून दचकली. मग दुसरं. “मेल्या, वाट सोड!” मग लागली की शिव्या द्यायला! तुला माहीत नसतील असल्या शिव्या बाहेर पडल्या. दोन नळ्यांची बंदूक सापडली त्या दिवशी तर तिनं पदर खोचला. केस सोडून किंचाळत येणारी ती तुझी उंच बाई आहे ना, तिला आई म्हणती, “आल्या बघ वन्सं!” आणि वन्सं मागंच भाजी निवडत बसलेल्या. आत्या दोन दिवस फुगली होती. “मयताच्या घरात भुताचा खेळ मांडलाय मायलेकींनी!” आईनं मागं न बघता ऐकवलं, “भुतंबितं काय नसतात वो वन्सं, आपण बुद्धाची माणसं. हाणू द्या मला.” आता आत्याच सांगती, डावीकडं बघ, डावीकडनं आला.

आता हे नीट वाच. मागच्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही बारव ओलांडून त्या बंद कारखान्यात शिरलो होतो. मागं मोठी टोळी. उजव्या हाताला मटकं होतं, मी सवयीनं तिकडं वळले. तर आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. पुढं चल.”

मला वाटलं तिला दिसलं नाही. म्हणाले, आई, मटकं आहे. म्हणाली, “दिसलं की. ऱ्हाऊ दे, कुठं जातंय ते. पळ!”

मी पळाले. डोळ्यात पाणी, समोरचं काही दिसंना, आणि तरी पळत होते. ती शेजारी झाडत होती. अण्णा गेल्यावर मी रडले नव्हते भूषण, तुम्हा सगळ्यांचं करता करता राहूनच गेलं होतं. त्या दिवशी रडले. आईनं माउस न सोडता डाव्या हातानं माझं डोकं ओढून खांद्याला लावलं. दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा ती माझ्या आधी रस्त्यावर होती. खेळ तसाच चालू टाकून गेली, मागं भुतांनी आम्हाला खाऊन टाकलं. खाऊ दे.

हिमांशूनं जाताना दारात आणखी एक सांगितलं. म्हणाला, नोकरीबिकरी सगळं वरवरचं आहे. जानेवारीपासून भूषणनं ती फाईल उघडलेलीच नाही. मटक्यावर गेलं की अण्णा बोलतात, म्हणून. आवाज काढूनही टाकवत नाही आणि ऐकवतही नाही. हिमांशू म्हणाला, तो हो म्हणाला तर मी आजही कामाला यायला तयार आहे, चित्रं अर्धी झालीत.

मला हे सांगायचं नाही होय रे? मी कुणाची कोण?

काढून टाकू नको तो आवाज. थांबूही नको तिथं. आईला जमलं ते तुला जमेल. चौदा तारखेला जयंतीला घरी ये, अण्णांच्या माघारी पहिल्यांदा ऐकशील तेव्हा आपण तिघं एका खुर्चीवर बसू. माउस मात्र आई देईल असं वाटत नाही.

आणि नोकरी करायचीच असली तर खुशाल कर, मी आडवी येणार नाही. पण गेम बंद करू नको. आता ते तुझं एकट्याचं नाही राहिलं. कारखान्याच्या शेवटी ते लोखंडी दार आहे ना, तिथं तुझं काम थांबलंय. आई काल तिथं पोचली. दार उघडंना. तिनं दोन्ही नळ्या रिकाम्या केल्या, होती नव्हती ती सगळी काडतुसं संपवली, शेवटी दारावर नुसत्या धडका द्यायला लावल्या मला. मग माउस ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “मेघे, पुढं काय हाय गं?”

तीन महिन्यांत तिनं पहिल्यांदा पुढचं काही विचारलं. मी म्हणाले, मला नाही ठाऊक आई, भूषणला ठाऊक. तर म्हणाली, “मग त्याला इचार की.”

म्हणून विचारतेय.

तुझ्या बंद दारासमोर उभ्या,
आई आणि मेघाताई