कट्ट्यावरचे खिळे

शनिवार, संध्याकाळ

वाघोलीहून आलोय, पण किळस काही जात नाही. तिथल्या सोसायटीच्या दारात मी घडवलेलं शांतिशिल्प आहे, कबुतर सोडणारी बाई. तिच्या पायाशी कुणीही टेकावं म्हणून मुद्दाम दगडी कट्टा ठेवला होता. आज त्यावर टोकदार लोखंडी खिळे!

सेक्रेटरींना विचारलं, तर म्हणाले, "अहो, बांधकामावरच्या बायका डबे खायला बसायच्या तिथं. आता बघा, कशी शांतता आहे!"

आणि मी? नुसती मान हलवली. तेव्हाच खिळे उपटायला हवे होते ना?

शेजारी एक मजूर बाई उभ्यानंच भाकरी खात होती. आमचं बोलणं तिनं ऐकलं असावं.

"दादा, ही मूर्ती तुमीच केलीय व्हय?"

"नाही," म्हणालो.