फ्लेक्सवरची अमेरिका

रविवार, संध्याकाळ

आज रनाळ्याच्या चौकात माझा सत्कार झाला. फ्लेक्सवर लिहिलं होतं, डॉक्टरकीसाठी अमेरिकेत निवड. खरं तर नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून मी कॅरिबियनमधल्या एका बेटावरचं कॉलेज निवडलं. आप्पांना समजावताना मीच म्हणाले होते, अमेरिकाच समजा. त्यांनी तेच छापलं. मी त्यांना का थांबवलं नाही?

शाल घालताना भूगोलाचे सर हळूच म्हणाले, “कोनतं बेट शे, पोरी?” फ्लेक्सवरचं कॉलेजचं नाव त्यांनी शोधलं असणार. मी मान खाली घातली. नकाशात टिंब जरा चुकलं तरी शून्य देणारे सर. त्यांनी माईक घेतला आणि म्हणाले, “आमनी पोर अमेरिकाले जाई ऱ्हायनी.” आप्पांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

फ्लेक्स महिनाभर राहील. सर रोज त्याच्याखालूनच शाळेत जातात.